बसलेल्या माणसाची खिडकी

पायऱ्या चढण्याआधी चपला काढाव्या लागल्या आणि तेवढ्यानंच ते घर अर्धं ओळखीचं झालं. क्वालालंपूरमध्ये, पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, जालान स्टोनर नावाच्या रस्त्यावर हे लाकडी घर खांबांवर उभं आहे. त्याचं नाव रुमाह पंघुलू अबू सेमान. रुमाह म्हणजे घर आणि पंघुलू म्हणजे गावचा प्रमुख. आपल्या भाषेत सांगायचं तर अबू सेमान पाटलांचा वाडा.

घर मूळचं शहरातलं नाही. उत्तरेकडच्या केडाह राज्यातल्या एका खेड्यात १९१०च्या सुमारास ते बांधायला घेतलं आणि जशी गरज, जशी ऐपत, तसं ते १९३०च्या दशकापर्यंत वाढत गेलं. पुढं मोडकळीला आलं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘बदान वारिसान मलेशिया’ या वारसा जपणाऱ्या संस्थेनं ते सुटं केलं, राजधानीत आणलं आणि आपल्या आवारात पुन्हा जोडलं. त्याच सुमाराला जवळच ४५२ मीटरचे ते मनोरे मजल्यामागून मजला चढत होते.

घर ‘सुटं केलं’ हे ऐकायला विचित्र वाटतं. आपल्याकडे जागा बदलायची म्हणजे सामान हलवायचं; घर जागच्या जागी राहतं किंवा पाडलं जातं. मलय घराचे खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडाच्या उथळ्यावर नुसते टेकलेले असतात. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ आणि सांध्यात ठोकलेली पाचर. पाचर काढली की सांधा मोकळा. खेड्यापाड्यांत तर गावकरी गोळा होऊन अख्खं घर खांद्यावर घेऊन दुसरीकडे नेत. पालखीला खांदा देणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये, पण मला वाटलं.

आत मी पर्यटकासारखाच वागलो. उभ्या उभ्या फोटो काढले, घामाघूम झालो (विषुववृत्त तिथून जेमतेम तीन अंशांवर आहे) आणि मनात म्हटलं, एवढं हवेशीर म्हणतात, मग हवा आहे कुठं? खिडक्या होत्या, पण फार खाली. मला त्यांतून अंगणातली माती आणि स्वतःचे पाय एवढंच दिसत होतं. शेवटी कंटाळून जमिनीवर मांडी घालून बसलो. त्याबरोबर खिडकी नेमकी डोळ्यांसमोर आली, बाहेरचं झाड तिच्यात मावलं आणि वारा थेट छातीवर आला. फळ्यांच्या फटींतूनही खालची गार हवा वर येत होती. भिंतींच्या माथ्यावर कोरीव लाकडी जाळ्या असतात, त्या मला नुसती शोभा वाटल्या होत्या. तापलेली हवा तिथून बाहेर पडते. घर कालही हवेशीर होतं, आजही होतं. मी चुकीच्या उंचीवर उभा होतो.

या घरात माणूस जमिनीवर बसणार, जमिनीवर जेवणार, जमिनीवर झोपणार, हे सुतारानं आधी धरलं आणि मग खिडकी कापली.

मलयमध्ये खिडकीला एक शब्द आहे, जेंदेला. हा पोर्तुगीज ‘जनेला’. गोव्यातली माणसं खिडकीला जनेल म्हणतात ते त्याच घराण्यातलं. आफोन्सो द आल्बुकर्कनं १५१० साली गोवा घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी तिथून निघून मलाक्का जिंकलं. माणसं तोफा घेऊन आली आणि जाताना दोन्हीकडे खिडकीचा शब्द ठेवून गेली. असो.

शब्दांचंच निघालं तर आणखी एक. पाहुण्या पुरुषांना बसवायची सेरांबी, म्हणजे आपली पडवी. तिच्या आत, जरा उंचावर, घराचा मुख्य भाग. आपण त्याला माजघर म्हणतो. माज म्हणजे कंबर, म्हणजे घराचा मध्य. मलय लोक त्याला ‘रुमाह इबू’ म्हणतात. इबू म्हणजे आई. अंगठा ही बोटांची इबू, राजधानी ही शहरांची इबू आणि घरातलं आईचं घर ते हे. त्याची मापंही फूटपट्टीची नव्हेत. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक ‘हस्ता’, जो आपलाच हात. आणि दोन्ही हात पसरले की एक ‘देपा’, आपली वाव. आपल्या वास्तुशास्त्रात यजमानाचा हात धरतात. मलय रीतींच्या नोंदींत मात्र घरधनिणीचं माप येतं. जागा निवडताना तिच्या वावेएवढी काठी कापायची, पाण्यानं भरलेल्या भांड्यासोबत त्या जागेवर रात्रभर ठेवायची आणि सकाळी जाऊन पाहायचं. काठी किंचित लांब भरली, पाणी काठोकाठ असलं, तर जागा शुभ.

लाकूड दमट हवेत फुगतं, हे त्या माणसांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरी ती सकाळी उठून काठी मोजत, आणि काठी त्या घरात नांदणाऱ्या बाईची असे, हे मला फार आवडलं.

संग्रहालय झालेल्या घरांत एक उणीव राहतेच. सगळं जागच्या जागी असतं, पण कुणी पसरून बसलेलं नसतं. मी बसलो होतो तेवढ्या वेळात तीन जण आले, उभ्यानं फोटो काढून, वाकून बाहेर बघून निघून गेले. त्यांना ‘अहो, जरा बसा’ असं सांगायचं तोंडावर आलं होतं. संकोचानं राहून गेलं.

परत आल्यावर एका सकाळी आईला म्हटलं, तुझा हात दे. ती हसली, पण आली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून तिच्या हातानं पुरते दोन हात भरला. तीस वर्षं ती त्या खिडकीखाली बसून भाजी निवडते आहे. मी तिच्या शेजारी बसून वर पाहिलं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत होती, तीही वरची अर्धीच.