राक्षस कोणी व्हायचं?

लिंगभाव, प्रतिनिधित्व वगैरे कटकटी अमेरिकेतून आल्या, आपल्याकडे सोंगाला सोंगच समजतात, असं ठासून सांगणाऱ्या विद्वानांना सध्या बरे दिवस आहेत. निमित्त 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचं आणि त्याच्या भावंडांचं. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी चेटकीण, कोणी ताऱ्यांमधून गलबत हाकतो. एक जण ते जग चालवतो, बाकीचे आयत्या वेळी सुचेल ते बोलतात.

सांगलीकराला यात नवं काय? १८४३ साली सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे रेटायचा आणि नट आपलं गद्य पदरचं बोलायचे. राक्षसांच्या आरोळ्यांवरून तर त्या नाटकांना पुढे 'अललडुर्र' असं हिणवलं गेलं. सीता अर्थात मुलगाच व्हायचा. नंतर याच मुलखातल्या नागठाण्यात जन्मलेल्या, स्त्री-भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचं पाहून घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या. सोंग सोंगच राहिलं म्हणणाऱ्यांनी त्या बायकांचं काय करायचं ते सांगावं. अमेरिकेतल्या त्या खेळाच्या १९७८च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा छापलेली होती. आपल्याकडे असले नियम छापावेच लागत नाहीत.

इथवर मी खेळातल्या प्रतिनिधित्वाविषयी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचा. पण २०२२ साली याच खेळाच्या 'स्पेलजॅमर' या अंतराळातल्या जादूच्या जगात 'हॅडोझी' नावाची माकडासारखी जमात नव्या रूपात आली. एका जादूगाराने त्यांना पकडलं, काढा पाजून शहाणं केलं, योद्धे बनवून विकायचं ठरवलं. सुटले ते त्याच्याच शिष्यांच्या मदतीने. काळ्या गुलामांच्या इतिहासाची ही विटंबना म्हणून ओरड झाली. खेळाच्या कंपनीने माफी मागितली, मजकूर काढून टाकला. प्रकरण मिटलं.

मला ते मिटलेलं वाटत नाही, आणि त्याला कारण जोतीराव फुले. मूळ घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना आहे. म्हणजे सोडवणाऱ्यांचे आभार जोतीरावांनीही मानले. आजच्या टीकाकाराने तेवढ्यावरच त्यांना पिंजऱ्यात उभं केलं असतं. पण पुढची पानं उलटा. जोतीराव आणि धोंडिबा बोलत बसतात आणि अवतार एकेक करून उलटेपालटे होतात. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह हे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे म्होरके ठरतात. बळी इथला राजा. खंडोबा, जोतिबा हे त्याचे कारभारी. वामनापुढे हा बळी डोकं वाकवत नाही, लढता लढता पडतो आणि त्याचा मुलगा बाणासुर उलटून चढाई करतो. नकाशा, देवळं, नावं सगळी जुनीच. जोतीरावांनी जुनी कथा गाळली नाही, देव कोण आणि राक्षस कोण एवढं उलटवलं. इतिहास म्हणून हे तपासायला बसणाऱ्यांनी खुशाल बसावं. कल्पित जगाची एवढी धीट मांडणी मराठीत नंतर कोणत्या विज्ञानकथेने केली, हे मात्र मला दाखवावं.

म्हणून या खेळातले ऑर्क नावाचे राक्षस आता जन्मतः दुष्ट नाहीत अशा घोषणा झाल्या की मला कंटाळा येतो. सगळेच गोड झाले की भांडायचं कोणाशी? त्यापेक्षा कोलकात्याच्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी केलं ते मला पटतं. त्याच २०२२ साली, त्याच कंपनीसाठी त्यांनी बंगालच्या वळणाचा एक मुलूख रचला आणि जग चालवणाऱ्याच्या हाती दिला.

आणि आपल्याकडची सूत्रधारीण? ती दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणीचं तबक घेऊन 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणते. जोतीरावांनी आपल्या मांडणीला या बायकांच्या तोंडच्या मागण्याचा आधार घेतला होता. वामनाच्या विजयाच्या दिवशी हरलेल्या राजाचं राज्य मागणं हेही त्या विद्वानांच्या मते अमेरिकेतूनच आलं असेल, तर ते कोणत्या साली आणि कोणत्या बोटीने, एवढं त्यांनी पुढच्या दिवाळी अंकात लिहावं.