नितळ पाण्याचा हिशेब

१९९१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीत झेब्रा शिंपला पहिल्यांदा सापडला. बोटाच्या नखाएवढा, अंगावर पट्टे असलेला हा प्राणी मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. जहाजांचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून तो अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत आला. तिथल्या मोठ्या सरोवरांच्या परिसरात त्याची नोंद १९८८ मध्ये झाली आणि तीन वर्षांत तो हडसनमध्ये पोचला. १९९२ संपता संपता नदीच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात या एका प्रजातीचे वजन इतर सगळ्या प्राण्यांच्या एकत्रित वजनापेक्षा जास्त भरू लागले. उन्हाळ्यात हे शिंपले एक ते चार दिवसांत त्या पट्ट्यातल्या पाण्याइतके पाणी गाळून काढत. गढूळ हडसन नितळ होऊ लागली. एखाद्या महापालिकेने अशा नदीची छायाचित्रे अहवालाच्या मुखपृष्ठावर छापली असती. प्रत्यक्षात त्या पाण्यातल्या अन्नसाखळीचा पाया, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक, ८० ते ९० टक्क्यांनी घटला होता.

घट ८० टक्के झाली असे म्हणायचे तर आधीचा आकडा हातात असावा लागतो. हडसनच्या बाबतीत तो होता. मिलब्रुक इथल्या कॅरी इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ हा उपरा येण्याच्या काही वर्षे आधीपासून नदीतले प्लवक, तळातले जीव आणि पाण्याचे गुणधर्म मोजत होते. त्या वेळी झेब्रा शिंपल्याचे संकट कुणासमोरच नव्हते. या गटातले डेव्हिड स्ट्रेयर हे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जाणकार. त्यांच्या नावावर अनेक निष्कर्ष आहेत. पण माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल आधीपासून मोजण्यात आणि बातमी शिळी झाल्यावरही मोजत राहण्यात आहे. आक्रमक प्रजातींविषयीच्या चर्चेत याच गोष्टीचा सर्वांत मोठा दुष्काळ असतो.

माशांचा आधीचा हिशेब तर एका भांडणामुळे तयार होता. हडसनकाठची वीजकेंद्रे यंत्रे थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी ओढत आणि त्याबरोबर माशांची पिल्लेही ओढली जात. त्यावरच्या दीर्घ वादातून १९७० च्या दशकापासून माशांच्या पिल्लांची दरवर्षी मोजणी सुरू झाली होती. पुढे स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी ती आकडेवारी शिंपल्यांच्या प्रश्नासाठी वापरली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : शॅडसारख्या, म्हणजे आपल्या भिंग माशाच्या नात्यातल्या, उघड्या पाण्यात वाढणाऱ्या माशांची संख्या साधारण २८ टक्क्यांनी घटली, तर काठालगतच्या माशांची साधारण ९७ टक्क्यांनी वाढली. पहिल्या गटाचे खाद्य प्लवकावर अवलंबून होते, ते शिंपल्यांनी पळवले. काठाजवळ ऊन तळापर्यंत पोचू लागले, पाणवनस्पती फोफावल्या आणि दुसऱ्या गटाचे फावले. नदी मेली नव्हती. तिच्यात कुणी जगायचे आणि कुणी मागे पडायचे, हे बदलले होते. अशा बदलाला ‘विनाश’ म्हणणे सोपे आणि ‘सुधारणा’ म्हणणे त्याहून सोपे.

सर्वाधिक किंमत मोजली ती स्थानिक शिंपल्यांनी. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० प्रजाती आहेत. जगात इतकी विविधता दुसऱ्या कुठल्या खंडात नाही. त्यांचे जगणे संथ असते. अनेक प्रजाती काही दशके जगतात. त्यांची पिल्ले आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून परजीवी म्हणून काही काळ काढतात आणि मग तळावर उतरतात. योग्य मासा भेटला नाही तर वंश तिथेच खुंटतो. काही प्रजातींच्या माद्या त्यासाठी आपल्या शरीराची कड छोट्या माशासारखी हलवून शिकारी माशाला जवळ बोलावतात. झेब्रा शिंपल्याला असल्या खटाटोपाची गरज नाही. त्याची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते आणि पिल्ले कुणाच्याही आधाराशिवाय पाण्यात तरंगत पसरतात.

हडसनमध्ये १९९० च्या दशकात स्थानिक शिंपल्यांच्या सर्व प्रमुख प्रजाती ६५ ते १०० टक्क्यांनी घटल्या. इतर ठिकाणी झेब्रा शिंपले त्यांच्या कवचांवर थरांनी बसून त्यांना गुदमरवतात. इथे तसे फारसे झाले नाही. इथे त्यांची उपासमार झाली. हे सगळे नामशेष होणार, असे भाकीत करायला तेवढे पुरावे पुरेसे वाटले असते. पण मोजणी थांबली नाही. २००० नंतर हीच संख्या स्थिरावली, काही ठिकाणी थोडी वाढलीही. २००७ च्या शोधनिबंधात स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्याने अंदाज मांडला की स्थानिक शिंपले टिकतील, पण पूर्वीच्या साधारण एक दशांश संख्येवर.

पुढे आणखी एक वळण आले. झेब्रा शिंपल्यांचा मृत्युदर वाढत गेला. सुरुवातीला त्यांतले बरेच कित्येक वर्षे जगत. नंतर मोठे, जुने शिंपले दुर्मीळ झाले. स्थानिक भक्षकांना, विशेषतः निळ्या खेकड्याला, हे नवे खाद्य मानवले होते. मोठे शिंपले कमी झाल्याने पाणी गाळणेही कमी झाले आणि सूक्ष्म प्राणिप्लवक बऱ्याच अंशी सावरले. १९९५ मध्ये अभ्यास गुंडाळला असता, तर हडसनची गोष्ट निव्वळ शोकांतिका म्हणून पाठ्यपुस्तकात गेली असती. २००५ मध्ये कुणी प्रथमच नदी पाहिली असती, तर इथे विशेष काही घडलेच नाही, असा निर्वाळा दिला असता. स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आक्रमक प्रजातींवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या ४० टक्के अभ्यासांत आक्रमणाला किती काळ लोटला, याचा साधा उल्लेखही नव्हता.

२०११ मध्ये मार्क डेव्हिस यांच्यासह १९ शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले की प्रजाती कुठून आली यावरून तिचा निवाडा करू नये, ती काय करते ते पाहावे. शास्त्रज्ञ डॅनियल सिम्बरलॉफ यांनी १४१ जणांच्या पाठिंब्यासह त्याला उत्तर दिले : परकीय प्रजातींचे परिणाम बरेचदा उशिरा दिसतात, म्हणून गाफील राहणे महागात पडते. परक्या प्रजातीला जन्मावरून गुन्हेगार ठरवणे मलाही खटकते. मात्र ‘कालांतराने सगळे सुरळीत होते’ हा त्यातून काढला जाणारा दिलासा पुराव्यावर टिकत नाही. हडसनमध्ये खेकडा मदतीला आला. मिशिगन सरोवरात झेब्राचाच भाऊबंद क्वागा शिंपला थंड, खोल तळापर्यंत पसरला आणि तिथली अन्नसाखळी अजून सावरलेली नाही. काळ प्रत्येक पाण्यात औषधाचे काम करत नाही. कुठे करतो आणि कुठे नाही, हे विचारसरणीने ठरत नाही. त्यासाठी पाण्यात उतरावे लागते.

या कुळाशी आपला संबंध दूरचा नाही. झेब्रा शिंपल्याच्याच कुळातला काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला, मायटिलॉप्सिस सॅली, मूळचा कॅरिबियन भागातला. तो १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. तो आजही आपल्या किनाऱ्यावर आहे. हाच शिंपला १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात सापडला. तिथे सप्टेंबर १९९८ च्या पाहणीत तो नव्हता, म्हणजे तो सहा महिन्यांच्या आतला पाहुणा होता. प्रशासनाने तीन मरीना बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले आणि काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. त्या बंदिस्त पाण्यातले इतर जीवही मेले; उपाय क्रूर होता. पण तो वेळेत करता आला तो आधीच्या पाहणीमुळे. शिंपला एकच, देश दोन. फरक पडला तो वहीतल्या नोंदीने.

महाराष्ट्राच्या नद्यांतही गोड्या पाण्यातले शिंपले आहेत आणि त्यांच्याही पिल्लांना माशांचा आधार लागतो. माशांचे गोत मात्र झपाट्याने बदलते आहे. चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत तीच भरभरून येते आणि तिच्या जोडीला सकर मासाही येऊ लागला आहे. पूर्वी इथे काय मिळत होते, हे जुने मच्छीमार सांगतात. त्या आठवणींना मोल आहेच, पण आठवणीतून टक्केवारी निघत नाही. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या जीवांचा आंतरराष्ट्रीय आढावाही २०११ मध्ये निघाला. या याद्या मोलाच्या आहेत. तरी यादी कोण आहे ते सांगते. किती आहेत आणि संख्या कुठल्या दिशेने चालली आहे, हे कळायला त्याच जागी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे मोजावे लागते. नदीसुधाराच्या कल्पनेत आपण घाट, दिवे आणि स्वच्छ दिसणारे पाणी धरतो. हडसनचा अनुभव सांगतो की स्वच्छ दिसणे हा नदीच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे.

यासाठी परदेशी निधीची वाट पाहायला नको. नदीकाठच्या बहुतेक तालुक्यांच्या गावी महाविद्यालय आहे आणि अनेकांत प्राणिशास्त्राचा विभाग आहे. अशा प्रत्येक विभागाने नदीचा एक टप्पा निवडावा, एक चौरस मीटरच्या चौकटी टाकून त्यातले शिंपले मोजावेत, जवळच्या बाजारातले मासे नोंदवावेत आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. शोधनिबंध पाच-सात वर्षे निघणार नाही, पदोन्नतीला गुण मिळणार नाहीत. विद्यापीठांनी अशा मोजणीला संशोधनाचा दर्जा द्यावा आणि विभागांनी तेवढ्यासाठी थांबू नये. पावसाळा सरून पाणी उतरले की यंदाच सुरुवात करावी.