शब्द केव्हां बांधितो?

मनुष्याचा शब्द त्यास नेमका कोणत्या क्षणीं बांधितो, हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु रत्नागिरीकडील ज्या कुटुंबाची वर्षाची मिळकत हापूसच्या थोड्या कलमांवर अवलंबून असते, त्यास तो घरींच सोडवावा लागतो. फळ हातीं येण्यापूर्वीं, मोहोर पाहूनच बाग करारानें देण्याची चाल कोंकणांत आहे. समजा, बागायतदार म्हणाला, "शेट, या सालचें पीक चाळीस हजारांस देतों." व्यापारी "पाहूं" म्हणून निघून गेला. आठ दिवसांनीं दुसरें गिऱ्हाईक आलें. आतां बागायतदार मोकळा आहे, कीं बांधलेला?

१ सप्टेंबर १८७२ पासून अमलांत असलेला करार कायदा असें सांगतो कीं, एकाचें बोलणें हा नुसता प्रस्ताव होय. दुसऱ्यानें तो स्वीकारल्यावांचून करार होत नाहीं. स्वीकारही निरपवाद पाहिजे. "चाळीस नव्हे, पस्तीस देतों," हा स्वीकार नव्हे, नवा प्रस्ताव आहे. शिवाय दोघांनीं एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य केलेली असावी. एकाच्या मनांत सगळी बाग व दुसऱ्याच्या मनांत विहिरीकडचींच झाडें असतील, तर तेथें खरी संमति नाहीं. व्यापाऱ्याचें "पाहूं" हा होकार नव्हे. त्याचें मौनही नव्हे. म्हणून बागायतदार आपला प्रस्ताव परत घेऊं शकतो. मात्र तसें त्यानें व्यापाऱ्यास कळविलें पाहिजे.

पण होकार पुरा केव्हां होतो? उच्चारला तेव्हां, कीं ऐकूं गेला तेव्हां? हा वाद वऱ्हाडांतील खामगांवच्या एका गिरणीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ जुलै १९५९ रोजीं अहमदाबादच्या व्यापाऱ्यांशीं टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा झाला होता. पेंड मिळाली नाहीं म्हणून व्यापाऱ्यांनीं अहमदाबादेस ३१,१५० रुपयांचा दावा लाविला. गिरणीवाले म्हणाले, आम्ही होकार खामगांवीं दिला, तेव्हां दावाही तेथेंच चालावा. १९६५ सालीं बहुमतानें निकाल झाला कीं, टेलिफोनवर होकार जेथें ऐकूं येतो तेथें करार होतो. म्हणून अहमदाबादचें न्यायालय योग्य. न्या. हिदायतुल्ला यांचें मत भिन्न होतें. कायद्याच्या शब्दांप्रमाणें करार खामगांवींच झाला, असें ते म्हणाले. आम्हांस यांतून इतकेंच घ्यावयाचें आहे कीं, प्रत्यक्ष बोलण्यांत दुसऱ्याच्या कानापर्यंत न पोंचलेला होकार कोणासही बांधीत नाहीं.

येथवर कायदा झाला. परंतु बागायतदारानें, "शनिवारपर्यंत तुमच्याकरितां थांबतों," असें म्हटलें असेल, तर? त्या थांबण्याबद्दल कांहीं मोबदला घेतला नसेल, तर कायदा सामान्यतः त्यास शुक्रवारींही मोकळा सोडितो. सदसद्विवेकबुद्धि सोडीत नाहीं. त्या शब्दाच्या भरंवशावर व्यापाऱ्यानें दुसरी बाग नाकारली असेल, कर्जही काढलें असेल. कोणी म्हणेल, गरिबानें चांगला भाव कां सोडावा? आमचें उत्तर असें कीं, थांबणें परवडत नसेल तर थांबण्याचें वचन देऊं नये. मुदत थोडी द्यावी, किंवा विसार मागावा. वचन दिल्यावर मात्र तें पाळावें.

ऐकणाराही निर्दोष नसतो. बाजार चढेल कीं उतरेल हें पाहात जो मुद्दाम गप्प राहतो, तो दुसऱ्याचा शब्द फुकट गहाण ठेवून घेतो. व्यापाऱ्यास दुसरी बाग मिळेल. मोहोर मात्र बागायतदारासाठीं थांबत नाहीं. म्हणून ज्याचा हात वर आहे त्यानें आधीं स्पष्ट बोलावें. ज्याला होय म्हणावयाचें नाहीं, त्याच्याकडे निदान स्पष्ट नाहीं म्हणण्याचें ऋण आहे.

गांवांत असा तंटा आपणांपुढें आला, तर वाचकांनीं प्रथम तीन गोष्टी विचाराव्या: काय बोललें गेलें, तें ऐकूं गेलें काय, आणि दोघांनीं त्याचा एकच अर्थ घेतला काय. त्यानंतर चौथी विचारावी: या शब्दावर कोण विसंबून राहिला? पहिल्या तिहींनीं करार ठरेल. चौथीनें न्याय ठरेल.