देवाने निवडलेले कोण?

साधकहो, ‘देवाने फक्त आम्हालाच निवडले आहे’ असे अनेक धर्मांचे आणि पंथांचे लोक मानतात. हा दावा तपासायचा कसा?

सुमारे २७५० वर्षांपूर्वी तकोवा गावच्या आमोस नावाच्या मेंढपाळाने तो आपल्याच लोकांसमोर तपासला. देवाने आपल्याला मिसर देशातील गुलामगिरीतून सोडवले, म्हणून आपण त्याचे खास, असे इस्राएली लोक समजत. आमोसने त्यांना सांगितले की, पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून आणणाराही तोच देव आहे. हे दोघे तर इस्राएलचे जुने शत्रू! देवाने तुम्हाला जवळ केले हे त्याने नाकारले नाही. पण म्हणूनच तुमचा हिशेब अधिक कडक होईल, असे बजावले. गरिबांना नाडणाऱ्यांचे सण आणि गाणी देवाला नकोत, हेही त्याने स्पष्ट सांगितले.

आता आपल्या मनात डोकावूया. ‘गुरुकृपा आपल्यावरच झाली, शेजारी बिचारा अज्ञानात आहे’ असा विचार तिथे येतो का? आपल्या अंगणात ऊन पडले म्हणून सूर्य आपल्या मालकीचा होत नाही. शेजारच्या अंगणातही तेच ऊन असते.

कृपा लाभली असे वाटत असेल, तर ती जमेला धरू नका; देणे म्हणून लिहा. आणि ज्याला आपण ‘बाहेरचा’ समजतो, त्याच्यापासूनच ते फेडायला सुरुवात करा.