बुद्धीआधी स्मृती तपासा



आपल्या सांवेरला मारुतीराया उलटे आहेत, डोकं खाली. कथा सगळ्यांना पाठ आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेलं, तेव्हा हनुमंत वरवर शोधत बसले नाहीत, थेट डोक्याकडून खाली उतरले. आज ही कथा केंद्राच्या संगणकासाठी सांगायची आहे. हसू नका.

अन्नदानाच्या हिशोबाचा संगणक दोन महिने मधेच बंद पडत होता. निळी स्क्रीन येई. सेवेकरी मुलाने विंडोज तीनदा नव्याने टाकलं, तरी तेच. मग कुजबुज सुरू झाली की यानेच व्हायरस आणला. पोरगं आरतीलाही येईना.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी क्रम सांगितलाय: क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, मग बुद्धीचा नाश. म्हणजे बुद्धीच्या आधी स्मृती जाते! संगणकात प्रोग्राम ही बुद्धी आणि रॅम ही स्मृती. रॅममधला एकच कण उलटला तर ५ चे ७ होतात. प्रोग्राम बेरीज बरोबरच करतो, पण चुकीच्या आकड्यांची.

२००३ साली बेल्जियमच्या निवडणुकीत, ब्रुसेल्सच्या एका भागात, एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. प्रोग्राम कसून तपासला, दोष सापडेना. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणजे बहुधा स्मृतीतला एकच कण उलटला होता. ते एकदाच घडलं. आपल्याकडे रोज घडत होतं, म्हणून संशय पट्टीवर.

ओळखायचं कसं? प्रोग्रामचा दोष बहुतेक वेळा ठरलेल्या जागी, ठरलेलं काम करताना येतो. रॅमचा दोष भटका असतो. आज हिशोबात, उद्या फोटो उघडताना, दरवेळी त्रुटीचा क्रमांक वेगळा. विंडोज टाकतानाच अडकलं तर शंका आणखी पक्की.

मग पाताळात उतरायचं. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्याआधीच चालतो. प्रत्येक घरात आकडे लिहितो आणि परत वाचून बघतो. रात्रभर चालू द्या. एक चूक दिसली तरी पुरे. (रॅमच्या घरातला विद्युतभार गळत राहतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. नामस्मरण अखंड का, ते यंत्राला विचारा!)

परवा रात्री लावला. काकड आरतीच्या वेळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. मग एकेक पट्टी त्याच खाचेत लावून बघितली, कारण कधी पट्टी चांगली आणि खाच खराब निघते. दुसरी पट्टी दोषी ठरली. मुलाच्या घरी दोघं ज्येष्ठ जाऊन आले, तो गुरुवारी येतोय. त्याला काही विचारू नका, प्रसाद द्या.

पट्टी बदलली, तरी त्या दोन महिन्यांत चुकून नोंदलेले आकडे आपोआप सुधारत नाहीत. रविवारी सकाळी ९ वाजता पावतीपुस्तकं घेऊन या, एकेक नोंद ताडून बघू. चष्मा विसरू नका. 🙏