ओयदिपौसचा गुन्हा कोणता?



आपल्या समाजातील माणसाने ग्रीक नाटके कशाला वाचावीत, असे एका सहकारी शिक्षकांनी मला विचारले. या प्रश्नाचे उत्तर जालन्यापासून साठ किलोमीटरवर आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय काढले ते आज मिलिंद या नावाने ओळखले जाते. मिलिंद म्हणजे मिनँडर, हा ग्रीक राजा. भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारून त्याने धम्म समजून घेतला. ग्रीकांचे आणि आपले नाते असे प्रश्न विचारण्याचे आहे. त्याच नात्याने मी सोफोक्लीझचे ‘राजा ओयदिपौस’ वाचले. पु. ल. देशपांडे यांनी ते याच नावाने मराठीत आणले आहे.

कथा थोडक्यात अशी. मुलगा बापाला ठार मारील, असे भाकीत थीब्झच्या राजाला सांगितले जाते. राजा तान्ह्या मुलाचे पाय टोचून बांधतो आणि त्याला डोंगरावर टाकून देण्यास सांगतो. मूल वाचते, परक्या राज्यात वाढते. तरुणपणी त्यालाही तेच भाकीत ऐकू येते, म्हणून तो ज्यांना आईबाप समजतो त्यांच्यापासून दूर पळतो. वाटेत तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी तंटा होऊन त्याला मारतो. तो म्हातारा त्याचा जन्मदाता असतो. पुढे थीब्झचा राजा होऊन तो विधवा राणीशी लग्न करतो. ती त्याची आई असते. नगरात साथ येते, राजा चौकशी सुरू करतो, आणि गुन्हेगार म्हणून स्वतःच सापडतो. तेव्हा तो स्वतःचे डोळे फोडून घेतो.

प्रश्न असा की, जे त्याला ठाऊकच नव्हते त्याचा दोष त्याच्या माथी मारावा काय? भगवान बुद्धांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत अंध चक्खुपाल थेरांची गोष्ट आहे. त्यांच्या चालण्याच्या वाटेवर पावसानंतर किडे मेलेले दिसले. भिक्खूंनी तक्रार केली. तथागतांनी विचारले, त्यांना मारताना तुम्ही पाहिले काय? भिक्खू म्हणाले, नाही. मग जसे तुम्ही त्यांना पाहिले नाही तसेच त्यांनी किड्यांना पाहिले नाही, असा निर्णय झाला. या न्यायाने पितृहत्येच्या आणि मातृगमनाच्या आरोपातून ओयदिपौस सुटतो.

पण तीच अट्ठकथा पुढे सांगते की, थेरांना अंधत्व आले ते मागील जन्मीच्या पापामुळे. येथे आपण थांबले पाहिजे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा मानण्यास नकार दिला. गरिबाचे दारिद्र्य जर त्याच्या मागील जन्माचे फळ असेल, तर राज्य आणि समाज हे दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखले होते.

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई तयार होते. अशा कारखान्यांतील मजुरांची मुले माझ्या वर्गात बसतात. कोणाच्या बापाचा हात भाजतो, कोणाच्या काकाचे बोट जाते. घरी भेटायला गेले की एकच वाक्य ऐकू येते, ‘नशिबात होतं, गुरुजी.’ वाचकहो, हे वाक्य कोणाच्या सोयीचे आहे? चालत्या यंत्राभोवती आडोसा असण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले होते. आडोसा होता काय, माणूस किती तास उभा होता, हातमोजे कोणी दिले नाहीत, हे प्रश्न ‘नशीब’ हा एक शब्द गिळून टाकतो. नशीब म्हटले की चौकशी बंद!

ओयदिपौसचे मोठेपण येथे आहे. ज्याच्या कपाळी सर्वांत क्रूर भाकीत लिहिले होते, त्यानेच चौकशी बंद केली नाही. राणी विनवते, पुढे विचारू नकोस. तो विचारतो. आणि नीट पाहा, भाकीत खरे कशाने झाले? बापाने त्याच्यावर विश्वास ठेवून मूल टाकले, म्हणून मुलाला बाप ओळखता आला नाही. मुलगाही त्याच भीतीने पळाला आणि त्याच रस्त्याला लागला. म्हणजे त्या घराचा नाश दैवाला भिण्याने झाला. मुलाची पत्रिका घेऊन फिरणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

मग ओयदिपौस सर्वस्वी निर्दोष आहे काय? माझे उत्तर, नाही. तिठ्यावरचा तंटा रस्ता सोडण्यावरून झाला. राजाच्या माणसांनी त्याला बाजूला ढकलले, म्हाताऱ्याने डोक्यात काठी हाणली. रस्ता सोडण्याचा हुकूम काय असतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवायला नको होते. त्याचा संताप मला समजतो. परंतु त्याने राजाबरोबर त्याच्या सेवकांनाही मारले, एकच पळून वाचला. ही हत्या अजाणता झालेली नाही. तो माणसांना मारीत होता, हे त्याला ठाऊक होते. तरी साऱ्या नाटकात त्या सेवकांसाठी कोणी रडत नाही. मेलेला माणूस बाप निघाला, राजा निघाला, तेव्हाच त्या हत्येचे पाप झाले! शीलाची पहिली पायरी प्राण्यांची हत्या न करणे ही आहे. मरणारा कोणाचा कोण, हे ती विचारीत नाही.

आणि ते मूल वाचले कोणामुळे? राजवाड्यातच वाढलेल्या एका गुलाम मेंढपाळामुळे. त्याला मुलाची दया आली, हुकूम मोडून त्याने ते दुसऱ्या मेंढपाळाच्या हाती दिले. पुढे खरे बोलावे म्हणून राजा त्याचेच हात पिरगाळण्याचा हुकूम देतो. या करुणेचाच शेवट वाईट झाला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मूल वाचवणे हे त्याचे कर्म होते. पुढची हत्या ज्याने केली, ती त्याची. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे, हाच तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या छळणारा अन्याय होता.

म्हणून वाचकहो, माझी विनंती एवढीच. यापुढे कोणी अपघाताला, नापास होण्याला, कर्जाला नशीब म्हणेल, तेव्हा त्याचे सांत्वन जरूर करा, पण त्याच बैठकीत एक प्रश्नही विचारा, हे कोणी केले, आणि कोणाला टाळता आले असते? उत्तर कडू निघेल, कधी आपल्याच दाराशी येईल. तरीही डोळे फोडून घेण्यापेक्षा ते उघडे ठेवणे बरे. प्रज्ञेचा मार्ग तोच आहे.

जय भीम.