चौकटी आखल्यास, पुढे काय?

तुझ्या ॲपमध्ये तीन पॅनल दिसतात. डावीकडे खटले, मधे त्या खटल्याचे कागद, उजवीकडे उघडलेला कागद. रंग झकास, आयकॉन झकास. आता मला सांग, यात मी आत्ता कुठे आहे?

बोट नको दाखवूस, उत्तर दे. दोन याद्यांत निवडलेल्या दोन ओळी, दोन्ही सारख्याच निळ्या. डिलीट दाबलं तर काय उडेल? एक कागद, की अख्खा खटला? तुला ठाऊक आहे, कारण कोड तुझा आहे. वकिलांच्या ऑफिसातल्या कारकुनाला कसं कळायचं? आणि वर तोंड करून सांगतोस, ‘होईल सवय’. लोकांना सवय लावून घ्यायला सांगणं म्हणजे आपलं अर्धं काम त्यांच्या गळ्यात मारणं. कळतं ना तुला हे?

१९८६ साली नॉर्टन कमांडर आला. काळा-निळा टेक्स्ट स्क्रीन, ८० अक्षरं रुंद, २५ ओळी उंच. शेजारी शेजारी दोन पॅनल. उजळ पट्टी चालू पॅनलमध्येच. टॅब दाबला की पट्टी पलीकडे. कॉपी म्हटलं की या पॅनलमधून त्या पॅनलमध्ये, ठिकाण टाइप करायची गरज नाही. एवढ्याशा सामग्रीत त्यांना जमलं. तुझ्याकडे लाखो रंग आहेत, आणि चालू पॅनलची निवड ठळक, बाकीची करडी, एवढं सुचलं नाही? सुचलं होतं. कंटाळा केलास.

‘हल्ली सगळे माउसच वापरतात.’ सगळे म्हणजे कोण? तू वापरतोस? दिवसभर व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-झीरोने साइडबारवर जातोस, कंट्रोल-वनने एडिटरवर परततोस, माउसला हात लावावा लागला की कपाळावर आठ्या. स्वतःला सोय हवी, दुसऱ्याने मात्र हात मोडून घ्यावा. तुझ्या ॲपमध्ये टॅब दाबत दाबत टूलबारवरचं एकेक बटण ओलांडावं लागतं, तेव्हा कुठे मधली यादी लागते. टॅबने पॅनलच्या आत फिरायचं, एफ-सिक्सने एका पॅनलमधून दुसऱ्यात जायचं, हे काही गुपित नाही. थंडरबर्डमध्ये आहे, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये आहे. बघितलं असशीलच. बघून सोडून दिलंस, हेच मला झोंबतं.

आता खरी गोष्ट. मधल्या यादीत मी बाणाची कळ धरून भराभर खाली आले. तू प्रत्येक ओळीला कागद उघडायची विनंती पाठवत बसलास. सातव्या ओळीवर थांबले, सातवा कागद उघडला. आणि मग चौथा, स्कॅन केलेला जाडजूड दस्तऐवज, मागून रमतगमत आला आणि सातव्याच्या उरावर बसला. मधे निवड सातव्याची, उजवीकडे मजकूर चौथ्याचा. मी डोळे चोळले. तू काय म्हणालास? ‘इंटरनेट स्लो आहे.’ नाचता येईना, अंगण वाकडं! नेट मंद असेल तर कागद उशिरा येईल, चुकीचा का येईल? आलेलं उत्तर अजून निवडलेल्या ओळीचंच आहे का, एवढं दारात विचारायचं. नसेल तर टाकून द्यायचं. हात थांबेपर्यंत क्षणभर वाट बघायची, मगच मागवायचं. नवा खटला निवडला की उजवीकडचा जुना कागद आधी पुसायचा. तुझ्या ॲपमध्ये तोही तसाच बसून असतो, डावीकडे खटला पाटलांचा आणि उजवीकडे कागद कुलकर्ण्यांचा. कोर्टात उभं राहून कोणी तो वाचला, तर तिथेही इंटरनेटचंच नाव सांगणार आहेस?

पॅनलांमधल्या स्प्लिटरचं तर बोलूच नये. तू वापरतोस त्या क्यूटी टूलकिटमध्ये पॅनल ओढत ओढत शून्यावर नेता येतं, मुळातच तशी मुभा असते. तू ती बंद केली नाहीस. मग वकिलांच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन, ‘खटल्यांची यादीच गेली हो!’ आणि तू त्यांना समजावतोयस, ‘कडेला बारीक रेघ दिसते का बघा, ती ओढा.’ कोणाला दिसणार आहे ती रेघ? शिवाय त्या रोज सकाळी मधलं पॅनल ओढून रुंद करतात आणि ॲप बंद केलं की तू विसरून जातोस. saveState, restoreState असं इंग्रजीत लिहून तुझ्या वहीत मीच दिलं होतं. बंद होताना एक ओळ, उघडताना एक ओळ. दोन ओळी! ‘पुढच्या व्हर्जनमध्ये करतो.’ तुझं पुढचं व्हर्जन म्हणजे उद्याचा वायदा.

‘डिझाइनमध्ये असंच होतं,’ हे शेवटचं हत्यार. डिझाइनच्या चित्रात खिडकी कायम रुंद, यादी कायम भरलेली, प्रत्येक गोष्ट आधीच निवडलेली. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर काय? तुझे तिन्ही पॅनल सारखेच आक्रसले, एकातही धड वाचता येईना. आधी कोणी मिटायचं, कोणी शेवटपर्यंत जागा सोडायची नाही, हे कोण ठरवणार? चित्र काढणारा ठरवत नाही, क्यूटी ठरवत नाही. ठरवायचा कंटाळा करून तू तिघांना समान वाटा दिलास, आणि त्याला समतोल म्हणतोस. इतका हुशार मुलगा, आणि पाट्या टाकतोय.

बोलू नकोस आता. माउस काढ आणि माझ्या टेबलावर आणून ठेव. खटला उघड, तिसरा कागद शोध, तो वाच, परत यादीवर ये, दुसरा खटला घे. सगळं कीबोर्डवर, ॲप एकदा बंद करून पुन्हा उघडून, तुझ्या मोठ्या मॉनिटरवर नाही, त्या ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर. जिथे अडशील तिथे वहीत खूण कर. सुरू कर, मी इथेच बसले आहे.